राहिलेले मुके

"या गालाला वस्तऱ्याची सवयच नाही," मिलिसाव आरशासमोर कुरकुरला. "केस बघ कसे उगवलेत, आडवेतिडवे."

"मांडीच्या कातड्याला काय ठाऊक दाढी? आण इकडे," विदा म्हणाली.

तिने उरलेला फेस पुसला आणि बोटांची मागची बाजू नवऱ्याच्या डाव्या गालाला लावली. ऊब होती. हलकेच दाबून सोडलं. पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी झाली. वसंतात बेलग्रेडच्या डॉक्टरांनी गालातली गाठ काढली होती. त्या खड्ड्यात मांडीचा तुकडा बसवून त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या होत्या. तेव्हा नर्स तासातासाला असंच बघायची. ऊब म्हणजे तुकडा जगला. नर्स मागे राहिली, विदाला मात्र सवय लागली.

आज घराण्याच्या रक्षक संताचा, निकोलसचा दिवस. मेणबत्ती लागली होती, मासा भट्टीत होता. या दिवशी यजमानानं बसायचं नसतं. दारात उभं राहून येईल त्याच्याशी उजवा, डावा, पुन्हा उजवा असे गालांवर तीन मुके घ्यायचे-द्यायचे. आजारपणानंतर मिलिसाव प्रथमच गावासमोर उभा राहणार होता. तळघरात जाऊन वाइन बघतो, असं त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. विदानं ऐकलंच नाही.

पाहुणे आले. उजव्या गालावर एक मुका झाला, की प्रत्येकाला काहीतरी आठवे. कुणाला कोट काढायचा असे, कुणाला प्रसादाचा उकडलेला गहू चमचाभर घ्यायचा असे. दुपारपर्यंत मिलिसाव स्वतःच उजवा गाल पुढे करून चटकन मागे सरू लागला. लोकांची पंचाईत नको म्हणून. विदाला ते जास्त लागलं.

मग त्याची थोरली बहीण स्ताना आली. एक मुका, आणि, "अगं बाई, माशाचा काय वास सुटलाय!"

विदानं तबक खाली ठेवलं.

"स्तानाताई, एक झाला. दोन राहिले."

खोलीतले चमचे थांबले. स्ताना लाल झाली.

"अगं, त्याला दुखलं तर?"

"दुखतंय कुठलं," मिलिसाव म्हणाला. "तिथं मला काही कळतच नाही. घेतलास की सांग फक्त."

स्तानानं डोळे मिटून डाव्या गालावर ओठ टेकले. डोळे उघडले.

"गरम आहे की रे!"

"मग? माझ्याच मांडीचा आहे."

"म्हणजे मी भावाच्या मांडीचा..." स्तानानं तोंडावर हात नेला आणि सगळी खोली खदखदून हसली. मिलिसाव-विदाच्या लग्नाचा साक्षीदार झिवान उठला, कोट चढवून बाहेर गेला आणि पहिल्यापासून पुन्हा आत आला. त्याच्यामागे रांगच लागली.

विदा गुणगुणत स्वयंपाकघरात आली. थोड्या वेळानं मिलिसाव मागोमाग आला, अर्धं तोंड हसरं करून. सवयीनं तिची बोटं त्याच्या गालाकडे गेली. त्यानं ती वाटेतच धरली.

"नर्स पुरे झाली, विदा," तो म्हणाला. "तुझे तर तिन्ही राहिलेत. वसंतापासून."