डाव्याला हिरवा, उजव्याला पिवळा

बाबांची गाडी उतारावर थांबली नाही आणि कोपऱ्यावरच्या दंतवैद्याच्या फाटकावर जाऊन आदळली, तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझा धाकटा भाऊ विमा कंपनीत आहे. घरात त्याला सगळे साहेब म्हणतात, आणि त्यात टोमणा आहे हे त्याला अजून कळलेलं नाही. साहेबाचं म्हणणं, बाबांचं वय झालं, आता किल्ली ठेवून द्यावी. माझं म्हणणं, दोष मागच्या जुनाट ड्रम ब्रेकचा. मी गॅरेज चालवते, ब्रेकचीच कामं करते. आता विमावाल्याने मला ब्रेक शिकवायचा म्हणजे कमालच झाली!

बाबांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागे डिस्क ब्रेक बसवू. रविवारी संध्याकाळपर्यंत पेडल घट्ट लागलं तर किल्ली माझ्याकडे. नाही लागलं तर साहेब, किल्ली तुझी. गाडीचं काय करायचं ते तूच ठरव."

साहेब लगेच कबूल झाला. मी आतून घाबरले होते, खोटं कशाला बोलू? बाबांचा जन्म कारखान्यात लेथवर गेला. हाताला काम नसलं की ते आईच्या भाजीत चुका काढतात. गाडी गेली असती तर त्यांचं काय झालं असतं हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि आईचंही.

भंगारात निघालेल्या एका नव्या मॉडेलचे मागचे डिस्क आणि कॅलिपर मी मिळवले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन बाजूंनी चिमटीत धरतो तो भाग. त्या गाडीत तो चाकाच्या मागच्या अंगाला होता. आमच्या गाडीत तिथे शॉक अब्सॉर्बर आडवा येत होता, म्हणून बाबांनी कॅलिपर पुढच्या अंगाला धरणारं ब्रॅकेट स्वतः बनवलं. काय काम होतं! कडा घासून गुळगुळीत, भोकं अशी की बोल्ट बोटाने आत जावा. शिवाय अदलाबदल होऊ नये म्हणून डाव्या कॅलिपरला हिरवा रंग आणि उजव्याला पिवळा. बाबांचा खाक्याच तसा. आमच्या घरात डब्यांच्या झाकणांनाही रंग आहेत.

रविवारी सकाळी सगळं जागेवर बसलं. आई पेडल दाबायला ड्रायव्हरच्या सीटवर, मी खाली, बाबा ब्रेक ऑइलची बाटली घेऊन उभे. ऑइलमध्ये हवा राहिली की पेडल मऊ लागतं, म्हणून कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू मी सैल करायचा, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर, की घट्ट करायचा. बुडबुडे यायचे थांबले, ऑइल स्वच्छ यायला लागलं. मी रुबाबात म्हटलं, "आई, आता दाब."

"अगं, हे तर उशीवर पाय दिल्यासारखं जातंय," आई म्हणाली.

मग माझं डोकं फिरलं. पुन्हा हवा काढली. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर बदलला. नळ्या बदलल्या. एकेक जोड पुसून पाहिला, कुठे थेंबही गळत नव्हता. पेडल तसंच मऊ. जेवण झाल्यावर साहेब खुर्ची घेऊन दारात येऊन बसला.

"ताई, घाई नाही हं," तो म्हणाला. "संध्याकाळ व्हायचीय अजून."

"तोंड सांभाळ, नाहीतर पाना फेकून मारीन."

रागाच्या भरात मी डावा कॅलिपर ब्रॅकेटवरून काढला. पॅड अडकतायत का ते पाहायचं होतं. नळी जोडलेलीच होती. पॅडच्या मध्ये लाकडाचा ठोकळा दिला आणि नीट दिसावं म्हणून कॅलिपर हातात उलटा केला. स्क्रू वरच्या बाजूला आला. मी आईला पेडल दाबायला सांगितलं, स्क्रू सैल केला, आणि फसफस करत बुडबुडेच बुडबुडे!

हवा वर जाते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा स्क्रू खाली होता. वर अडकलेली हवा खालून कशी निघणार? चाकाच्या मागे बसणारा कॅलिपर गोल फिरवून पुढे आणला की त्याचं डोकं खाली जातं. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला असता तर तो सरळ राहिला असता. ती अदलाबदल व्हायला हवी होती, आणि तीच होऊ नये म्हणून बाबांनी रंग लावले होते. मीही ते सुंदर ब्रॅकेट बघून भुलले होते.

साहेब कान टवकारून होता. मी आवाज जमेल तेवढा साधा ठेवला. "काही नाही, नळीत कुठेतरी हवा राहिली होती. होईल आता."

"गिऱ्हाइकांनाही असंच सांगतेस का?" बाबांनी विचारलं.

ते वाकून माझ्या हातातल्या कॅलिपरकडे बघत होते. त्यांना उलगडा व्हायला माझ्याइतकाही वेळ लागला नाही. ते सरळ उभे राहिले आणि साहेबाकडे वळले.

"माझी चूक आहे. दोन्ही बाजू मी उलट्या बसवल्या. हिच्या कामात खोट नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "घे."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "पेडल घट्ट लागलं तर असं ठरलं होतं! चूक कुणाची हे कुठे ठरलं होतं? अजून ऊन आहे बाहेर!"

साहेबाने किल्ली घेतली नाही. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "ताई, मी काय धरू?"

आम्ही हिरवा उजवीकडे नेला, पिवळा डावीकडे. हँडब्रेकची केबल वळवून घ्यावी लागली, त्यात साहेबाची बोटं सोलली आणि त्याने आईसमोर बोलू नये ते शब्द बोलून घेतले. हवा काढली. आईने पाय ठेवला आणि म्हणाली, "आता हलत नाही ग बाई." ऐकून माझी छाती दोन इंच फुगली.

आधी गल्लीतच हळूहळू थांबून पाहिलं. मग दिवस कलताना बाबा उतारावर निघाले, साहेब शेजारी, मी मागे. ऐन उतारावर बाबांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. डगमग नाही, आवाज नाही. मी मागूनच साहेबाच्या खांद्यावर धपाटा घातला. "बोल आता!"

बाबांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि वळसा घालून साहेबाच्या दारापाशी आले. "सरक तिकडे. घरी तू ने."

"का? ब्रेक तर झकास लागतोय," साहेब म्हणाला.

"ब्रेक तेव्हा ढिला होता, ते खरंच. पण फाटक मला उशिरा दिसलं, तेही खरं. अंधारू लागलं की मला कमी दिसतं."

इतके दिवस मी त्यांच्या बाजूने छातीठोकपणे भांडत होते. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर म्हातारा आंधळा झाला म्हणून तुम्ही मोकळे झाला असता. ब्रेककडे कुणी बघितलंच नसतं. आणि तशीच गाडी कुणीतरी विकत घेऊन पोराबाळांना बसवलं असतं."

साहेब ड्रायव्हरच्या सीटवर सरकला. बाबा शेजारी बसले आणि किल्ली त्याच्याकडे देत म्हणाले, "सकाळी परत दे. दिवसा मला दिसतं."