दहिवराचा एक किलो

मैत्रेयीला आपल्या वजनाची जितकी खात्री होती, तितकी आपल्या जन्मतारखेचीही नव्हती. सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅम ही बायकांच्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समधल्या सगळ्यांत हलक्या गटाची, म्हणजे ॲटमवेटची, हद्द. त्याच्या वर चिमूटभरही चालत नाही. आणि आदल्या संध्याकाळी ती सत्तेचाळीस किलो पाचशे भरली होती. त्यानंतर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यामुळे यवतमाळच्या स्पर्धेच्या हॉलमध्ये वजन द्यायला ती अशा ऐटीत शिरली, की जणू उद्याची लढत झालीच आहे आणि आता फक्त हार घालायचा राहिलाय.

आता ती भरली कुठे, तर नानाजींच्या वावरात, कापसाच्या काट्यावर. हसू नका. बाभुळगावात इंद्रजित सरांच्या टिनाच्या शेडमध्ये गाद्या होत्या, दोर होते, ठोसे खाऊन खाऊन फाटलेली एक बॅग होती, पण भरवशाचा काटा नव्हता. होता तो दर वेळी नवा आकडा सांगायचा. नानाजींच्या लिंबाला टांगलेला काटा मात्र अर्ध्या गावाचा काटा. वेचणीच्या बाया त्याच्यावरच कापूस मोजून द्यायच्या आणि नानाजींकडून किलोमागे मजुरी घ्यायच्या. मैत्रेयीची आई लीलाबाई त्यांच्यात वीस वर्षांपासून. वेचणीच्या कापडाची झोळी करायची, आकड्याला अडकवायची, मैत्रेयीनं पाय पोटाशी घेऊन आत बसायचं आणि नानाजींनी चष्मा कपाळावर चढवून वजन वाचायचं. कापडाच्या वजनासाठी काट्याची सुई आधीच अर्धा किलो मागं घेतलेली असते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे वजाबाकीचीही कटकट नाही.

नानाजी माणूस तसे हौशी. त्या साली बोंडअळीनं अर्धी बोंडं पोखरून टाकली होती, तरी पोरीला आणि तिच्या आईला न्यायला जीप त्यांनी स्वतः काढली. हॉलमध्ये भेटेल त्याला "आमच्या गावची पोरगी हाये" म्हणून सांगत होते.

अमरावतीची उर्वशी, मैत्रेयीची प्रतिस्पर्धी, सत्तेचाळीस किलो तीनशे भरली आणि केळं खायला निघून गेली. मग मैत्रेयी काट्यावर चढली. आकडे जरा नाचले आणि थांबले. अठ्ठेचाळीस किलो चारशे.

इंद्रजित सरांचं तोंड पांढरं पडलं. मैत्रेयीचं नाही.

"सर, तुमचा काटा बिघडला हाये," ती वजन घेणाऱ्या पंचांना म्हणाली. रडगाणं नव्हतं ते. सायकलची हवा गेलीय, असं सांगावं तसं सांगितलं तिनं.

पंच शांत माणूस होता. "तक्रार लिहून द्या. प्रमाणित वजनं मागवतो, तपासू. यायला अर्धा तास लागेल. पण वजन उतरवायला तुम्हाला एकच तास आहे, आणि तो आत्ता सुरू झाला. काटा बरोबर निघाला तर गेलेली वेळ परत मिळायची नाही."

म्हणजे दोनच वाटा. काट्याशी भांडायचं, नाहीतर आठशे ग्रॅम घाम गाळायचा. तास एकच, आणि तो चुकला की लढत रद्द. आठ महिन्यांची मेहनत पाण्यात.

"द्या ना लिहून!" नानाजी गरजले. "आमच्या काट्यावर वीस वर्सं झाले..."

आणि तिथंच ते अडकले. मैत्रेयीनं तोवर पेनाचं टोपण काढलं होतं.

लीलाबाईंनी मात्र नानाजींकडे पाहिलं. वीस वर्षं दर खेपेला हा चेहरा त्या काट्याखाली उभ्या राहून बघत आल्या होत्या. गाठोडं टांगलं की नानाजी बायांकडे न बघता दूर बांधावर बघायचे. आत्ता ते तसेच खिडकीकडे बघत होते.

"थांब व मैत्रे," लीलाबाई म्हणाल्या. "नानाजी, काट्यात कापडाचं किती मांगं घेता तुमी?"

"अर्धा किलो. तुमाले ठाऊकच हाये."

"अन् आणखीन?"

नानाजींनी टोपी काढली, परत घातली.

"पोरीचा तास चालला नानाजी. आणखीन किती?"

"एक किलो," नानाजी म्हणाले. आवाज गरजणाऱ्या माणसाचा राहिलाच नव्हता. "दहिवराचं. सकाळचा कापूस दवानं ओला असते ना बाई. वजन जास्त दाखवते. म्हून किलोभर मांगं..."

"अन् दुपारून? दुपारून कोठचं दहिवर, नानाजी?"

मैत्रेयीला आधी कळलं नाही, आणि मग एकदम कळलं. तिची कानशिलं तापली. ज्या काट्याच्या भरवशावर ती जगाशी भांडायला निघाली होती, तो तिच्या आईचा कापूस खात आला होता. तिला त्या क्षणी नानाजींना गादीवर आपटावंसं वाटलं, आणि तिला ते सहज जमलंही असतं. पण घड्याळात सात मिनिटं गेली होती. तिनं कागद चुरगाळला.

"सर, दोर द्या."

अंगावर प्लास्टिक, त्यावर दोन स्वेटर, आणि हॉलच्या मागच्या बाजूला नोव्हेंबरच्या उन्हात दोरीवरच्या उड्या. इंद्रजित सर मिनिटं मोजत होते. नानाजी जरा वेळानं आले आणि मुकाट्यानं आपला लोकरीचा कोट पुढं केला. मैत्रेयीनं तो घेतला. घाम काढायचा तर लोकर चांगली, मग कुणाची का असेना.

तिसाव्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या. चाळिसाव्याला डोळ्यांपुढं काजवे चमकले. लीलाबाई पुसायचा टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या आणि एकच म्हणत होत्या, "आणखीन थोडं माय, आणखीन थोडं." मैत्रेयी थांबली नाही. आपण बसणार त्या गटात, याबद्दल तिला अजूनही शंका नव्हती. आता तर हट्टच होता.

चौपन्नाव्या मिनिटाला ती पुसून कोरडी होऊन पुन्हा चढली. सत्तेचाळीस किलो सहाशे. काठावर, पण आत.

"पास," पंच म्हणाले आणि सही केली.

मैत्रेयी खाली उतरून भिंतीला टेकून बसली. सरांनी पाण्याची बाटली दिली, तर तिला झाकणही फिरवता येईना. लीलाबाईंनी ते उघडून दिलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"आठशे गिरामाले केवढी दमली व माय तू," त्या म्हणाल्या. "माहा तं खेपेले किलो जात होता."

कोट परत घ्यायला नानाजी जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं. लीलाबाईंनी घामानं जड झालेला कोट घडी घालून त्यांच्या हातात दिला.

"नानाजी, उद्या लढत पाहाले या. समोरच बसा. अन् सोमवारी वेचाले आलो का आमचा काटा आमी आणू."

"बरं," नानाजी म्हणाले, आणि या वेळी त्यांच्याकडे बघून म्हणाले.