कोपऱ्याचे दगड

आमच्या फाटकापासून घरापर्यंत खडीची वाट आहे आणि तिच्या टोकाला गाडी लावायची जागा. खडी हिरवळीत घुसते, हिरवळ खडीत घुसते, आणि या दोघींच्या भांडणात बायकोच्या गाडीचं मागचं चाक रोज कोपऱ्यावरच्या फुलझाडांवरून जातं. म्हणून कडेने दगड बसवायचे ठरले.

गाडी बायकोची म्हणतो, पण आधी ती मी चालवायचो. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला मनाई केली, तेव्हा साठीला टेकलेली ही बाई हट्टाने शिकली. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यात पास. आता बाजार, बँक, तिच्या मैत्रिणी, माझे डॉक्टर, सगळं तिच्या भरवशावर. मी शेजारी बसून सूचना करतो. चौतीस वर्षं भूमिती शिकवली; सूचना केल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

गवंडी माझाच जुना विद्यार्थी. वर्गात सगळे त्याला ‘तिरपा’ म्हणायचे, कारण पट्टी धरूनही त्याची रेष सरळ यायची नाही. अशा माणसाकडे दगडांची ओळ द्यायची म्हणजे मला जरा धाकधूकच होती.

त्याची पद्धत त्याने सकाळीच सांगून टाकली. “सर, दगड आज कोरडे मांडतो. बाई तीनदा गाडी आत घेतील. चाक आणि दगड यांच्यात चार बोटं राहिली, तरच माल लावायचा. चाकाला विचारल्याशिवाय मी सिमेंट कालवत नाही.”

मी मान डोलावली. बायको बाजारात गेली होती. दुपारपर्यंत त्याने दोन्ही कडा मांडल्या आणि कोपऱ्यावर दगड असे काही वळवले की फुलझाडांची हातभर जागा गेली. तो जेवायला गेला. मी त्या बाकदार वळणाकडे बघत बसलो. कोपरा म्हणजे कोपरा! तो असा पोट सुटल्यासारखा कसा चालेल? शेवटी उठलो, दोरी ताणली, त्याचाच गुण्या लावला आणि सात दगड सरकवून नव्वद अंशांचा काटकोन केला. कंबर धरली, पण काय दिसत होता! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, पण ते मला पाच मिनिटांनी कळलं.

फाटकातून गाडी आली, वळली, पुढचं चाक सुटलं आणि मागचं कोपऱ्याच्या दगडावर धाडकन आदळलं. दगड कलंडला. चाकाची टोपी निघाली आणि घरंगळत माझ्या पायाशी येऊन पडली. त्या वेळी गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“अगं, एवढा मोठा दगड दिसला नाही?”

ती उतरली. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. “घ्या. उद्यापासून टॅक्सी. झाली तेवढी शोभा पुरे.” आणि पिशव्या गाडीतच सोडून आत गेली.

मी हिला ओळखतो. पंचवीस वर्षांपूर्वी ती तलावावर पोहायला शिकत होती. एकदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि मी काठावरून हसलो. त्या दिवशी तिने टॉवेल गुंडाळला तो गुंडाळलाच. मी किती विनवण्या केल्या, पण तिने पुन्हा पाण्यात पाय घातला नाही. आता गाडीही तशीच सुटणार, आणि कारण पुन्हा मीच.

तिरपा परत आला. त्याने टोपी बघितली, दगड बघितला, मग मला. “सर, कोपरा कोणी हलवला?”

“मी,” म्हटलं. वर्गात मुलं मला सांगायची तसं, खाली बघून.

तो रागावला नाही. मला हाताला धरून फुलझाडांपाशी नेलं. “हे बघा. बाईंच्या चाकाची खूण. दोन वर्षं एकाच जागी. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. ज्याला चालवता येत नाही, त्याच्या खुणा रोज वेगळ्या पडतात. मी सकाळी याच खुणेवरून दगड मांडले होते. मागचं चाक नेहमी पुढच्याच्या आतून जातं, सर. तुम्हीच सांगा, वर्तुळं दोन असतात ना?”

वर्तुळं दोन असतात. चौतीस वर्षं फळ्यावर काढली, आणि दोन वर्षं गाडीत बसून ‘जरा बघून वळव’ म्हणत राहिलो. लाज वाटली. आणि तिचं कौतुकही वाटलं, अगदी भरून येण्याइतकं.

स्वयंपाकघरात ती कांदा चिरत होती, गरजेपेक्षा जोरात.

“कोपरा मी हलवला,” म्हटलं. “मिस्त्रीने बरोबर मांडला होता. तुझ्या चाकाची वाट दोन वर्षांत हलली नाही, खूण आहे तिथे. तू चुकली नाहीस. मी चुकलो.”

सुरी थांबली. “पुन्हा म्हणा.”

“मी चुकलो.”

“मिस्त्रींसमोर म्हणाल?”

बाहेर जाऊन तेही म्हटलं. तिरप्याने ऐकलं नाही असं दाखवून दगड पुन्हा वळवले. तिने पदराला हात पुसले आणि माझ्या हातातून किल्ली घेतली. पहिल्यांदा आली, त्याने वाकून बोटं घातली: चार. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा मला वाकायला लावलं. माझी बोटं बरोबर मावली. तिने खिडकीतून डोकंही बाहेर काढलं नाही.

तिने गाडी मागे घेऊन रस्त्यावर लावली आणि तिरप्याने माल कालवला. संध्याकाळपर्यंत सगळे दगड बसले. कोपरा गोल होता आणि छान दिसत होता. हे मी कबूल करतो.

“तीन दिवस गाडी आत घेऊ नका,” तो जाताना म्हणाला. “दगड धरू देत.”

बायको पायरीवर उभी राहून रस्त्यावरच्या गाडीकडे बघत होती. मग म्हणाली, “अहो, तलावावर तेव्हा तुम्हीच हसला होतात ना?”

“मीच.”

“मग गाडी बाहेरच आहे, तर उद्या सकाळी तिकडे जाऊ. चालवणार मी, पोहणार मी. तुम्ही काठावर टॉवेल धरून बसायचं, आणि तोंड बंद ठेवायचं.”

“आणि नाकातोंडात पाणी गेलं तर?”

“तर टॉवेल द्यायचा.”

मी आत गेलो आणि कपाटातून टॉवेल काढून दाराशी ठेवला.