तळ दिसलेली कणगी

मी एक जुनी मातीची कणगी आहे. नायजर देशात, आदेरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, लावली नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात दगडांवर उभी आहे. डोक्यावर गवताची टोपी, अंगभर पावसाने पडलेल्या चिरा. हसू नका मित्रांनो, एके काळी माझ्या भरवशावर हे सारं घर निर्धास्त झोपत असे.

लावलीच्या आजोबांनी मला घडवलं. माती आणि चिरलेला पेंढा पायांनी तुडवून, थरावर थर चढवत त्यांनी माझं पोट वाढवलं. सुगीत कणसांच्या पेंढ्या माझ्यात उतरत. नव्या बाजरीखाली गेल्या वर्षीची बाजरी असे, तिच्याखाली त्याहून जुनी. माझा तळ कुणी पाहिलाच नव्हता. घरधनी शिडी चढून पेंढ्या काढून देई. बायकांनी आत डोकावायचं नाही, अशी इथली रीत.

मग दिवस पालटले. खाणारी तोंडं वाढली, शेतं भावाभावांत वाटली गेली, जमीन थकली. शहरात समुद्रापलीकडचा तांदूळ शिजू लागला. आणि बाजरीला चाकं फुटली! सुगीत ती स्वस्तात ट्रकवर चढून सीमेपार दक्षिणेला जाई, आणि पावसाळ्यात, घरोघरी कणग्या रित्या झाल्या की, महाग होऊन आमच्याच बाजारात परत येई.

यंदा लावलीची बायको झुवेरा पहिलटकरीण म्हणून माहेरी गेली होती. तान्ह्या मान्झोला पाठीला बांधून परतली, त्या सकाळी कोंबड्या हाकलायच्या निमित्ताने तिने मला बोटाने ठोकलं. भरलेली असले की मी 'धप्' वाजते. त्या दिवशी 'ठण' वाजले. तिने खाली ठोकलं. 'ठण.' आणखी खाली. 'ठण.'

तिच्या सासूने, तामूने, ते पाहिलं. "काय गं, कणगीला खोकला झालाय का, पाठ थोपटतेस ती?"

"कोंबडी शिरली होती, आई."

"बरी तुझी कोंबडी! रोज इथेच शिरते."

झुवेराने नवऱ्याला विचारलं नाही. विचारणं म्हणजे, तुम्हाला घर पोसता येत नाही, असं तोंडावर म्हणणं. ती स्वतः कमी जेवू लागली. दूध आटलं. मान्झो छातीशी चिडून रडायचा, आणि ती त्याचे गाल पुन्हा पुन्हा चाचपायची.

पेरणीचे दिवस आले, पाऊस आला नाही. आला तो धान्याचा व्यापारी अल्हाजी बर्मूचा ट्रक. "लावली, पलीकडे भाव भडकलाय. उरलीसुरली दे. तांदूळ घे म्हणजे पोरगंही खूश!"

लावलीने शिडी उचलली.

"थांबा," झुवेरा म्हणाली. "आत किती आहे?"

"पुष्कळ आहे. तू घरात जा."

"मग मला बघू द्या."

अल्हाजी खदखदून हसला. "काय रे लावली, तुझ्या घरात शिडी चढतं कोण?"

लावलीचा चेहरा काळवंडला. तामू पुढे झाली, आणि मला वाटलं, आता सुनेला मारते. पण तिने सुनेच्या पाठीवरचं बाळ सोडवून घेतलं.

"चढ. मीही जन्मभर ठोकूनच अंदाज घेतला. एकदा तो चुकला, आणि लावलीच्या पाठची माझी पोर गेली."

झुवेरा चढली. तिने टोपी उचलताच ऊन थेट माझ्या तळावर पडलं. एका कडेला थोड्या पेंढ्या होत्या, बाकी नुसती माती.

ती उतरली. ओरडली नाही. "अल्हाजी, ट्रक वळवा. इथे न्यायला काही नाही."

ट्रक गेल्यावर लावली माझ्या सावलीत मटकन बसला. "तू माहेरी होतीस तेव्हा चढा भाव पाहून निम्म्याहून जास्त विकली गं. वाटलं, भाव उतरला की परत घेईन. उतरलाच नाही."

"मला सांगायचं होतंत. माझ्या दोन बोकडांचा तेव्हा काही उपयोग झाला असता. आता चाऱ्यावाचून त्यांची नुसती हाडं उरलीत."

मित्रांनो, माझ्या चिरा लिंपा, मला उंदरांपासून जपा, हे तर मी मागणारच. पण त्याआधी एक मागते. ज्या हातांना रोज चूल पेटवायची आहे, त्यांना कणगीत डोकावू द्या. धान्य कमी असलं तर वाटून खाता येतं, पण न सांगितलेली कमतरता कुणाला वाटून घेता येत नाही.

बियाण्याच्या पेंढ्या त्यांनी वेगळ्या बांधल्या आहेत. आज झुवेराने एक पेंढी काढली, लावलीला दाखवली, आणि अर्धी परत ठेवली. आभाळ अजून कोरडं आहे.