धरण किती भरलं?

निवेदितानं पुण्यात बरीच वर्षं दुसऱ्यांच्या जाहिराती लावल्या होत्या. दातांचे डॉक्टर, गाद्यांचे कारखानदार, मंगल कार्यालयं. लोकांनी गूगलवर कोणता शब्द टाकला की कोणाची जाहिरात वर दिसावी, ते शब्द निवडून द्यायचे, हे तिचं काम. जाहिरातीवर कोणी बोट ठेवलं की मालकाचे पैसे गेले, मग बोट ठेवणारं खरं गिऱ्हाईक असो की रिकामटेकडा. म्हणून शब्द तांदळासारखे निवडायचे, खडा दिसला की बाजूला, असं ती हाताखालच्या पोरींना शिकवायची. आणि स्वतःच्या घरावर वेळ आली तेव्हा या बाईनं खड्यांसकट तांदूळ शिजायला घातले.

घर शेंडीला, भंडारदऱ्याच्या पाण्यालगत. वडिलांनी, म्हणजे नानांनी, निवृत्तीनंतर बांधलेलं. आई गेल्यावर निवेदिता नोकरी सोडून नानांजवळ येऊन राहिली. धाकटा भाऊ राजस पुण्यात. त्याचं म्हणणं सरळ होतं. घराचा खर्च घरानं काढायला हवा आणि नानांना असं कोपऱ्यात गप्प बसवून ठेवण्यात अर्थ नाही. गणपतीपर्यंत वरच्या खोल्या पाहुण्यांनी चालल्या तर ठीक, नाहीतर नानांना पुण्याला न्यायचं आणि घर बंद करायचं. राजस वाईट नव्हता. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, एवढाच काय तो दोष. ज्या माणसानं जन्मभर धरण पाहिलं त्याला म्हातारपणी टाकी दाखवायची, या विचारानं निवेदिताला घास गिळवत नसे.

नानांचं नाव हेमचंद्र. नोकरी धरणावरच्या कचेरीत. हुद्दा कारकुनाचा, पण खालच्या तालुक्यांत त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. पावसाळ्यात सकाळी ते पाण्याची पातळी पाहून यायचे, आणि मग क्वार्टरमधला काळा फोन जो सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. संगमनेरकडून, श्रीरामपूरकडून, कालव्याच्या पार शेवटच्या टोकावरच्या गावांतून. त्या टोकाला तिकडे टेल म्हणतात. पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचतं आणि काळजी सगळ्यात आधी. प्रश्न एकच, धरण किती भरलं? आई फोनशेजारी चहाचा कप ठेवायची, तो तसाच गार व्हायचा, ती तो पुन्हा गरम करायची. निवेदिताच्या लहानपणीचा पावसाळा म्हणजे हेच. छपरावर पाऊस आणि फोनवर नाना.

नानांचा एक नेम होता. सांडव्यावरून पाणी पडून नारळ वाहिला जात नाही, तोवर 'भरलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पाणी काठाला टेकलं तरी ते म्हणायचे, भरतंय. एकदा छोट्या निवेदितानं फोन उचलून उत्साहात कोणाला तरी 'भरलं' म्हणून सांगितलं, तर नानांनी त्या माणसाला परत फोन लावून शब्द मागे घेतला होता. खालची माणसं त्या एका शब्दावर उसाची लागण ठरवायची. तो उगाच खर्चायचा नव्हता.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि सकाळी चहाआधीच सगळ्या धरणांचे आकडे ज्याच्या त्याच्या हातात पडू लागले. नानांचा फोन हळूहळू थांबला. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर नाना 'हं' आणि 'नको' या दोन शब्दांवर आले. ओट्यावर बसून पाण्याकडे बघायचे. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं, आणि न विचारता सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

अशा घराची जाहिरात करायला निवेदिता बसली आणि पहिला शब्द तिनं टाकला तो 'भंडारदरा'. नुसता, मोकळा. पुढेमागे काही का असेना, ज्याच्या शोधात हे नाव येईल त्याला आमचं घर दिसू दे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिनं त्याची हजेरी घेतली असती. पण नाव पाहिलं आणि तिचा जीव पाघळला. जो कोणी भंडारदरा म्हणेल त्याला इथं यायचंच असणार, असं तिला मनापासून वाटलं.

जाहिरात लागली आणि दिवसाचं बजेट न्याहारीच्या आत उडायला लागलं. खोल्या मात्र रिकाम्या. फोन भरपूर येत, पण पलीकडून खणखणीत आवाज विचारी, "ताई, धरण किती भरलं?" पहिल्यांदा तिनं हसून सांगितलं, हे धरणाचं ऑफिस नाही, राहण्याची सोय आहे. पुढे तिचा आवाज चढू लागला. स्वयंपाकाला येणारी बनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली की तुमी शेंडीत हाटेल काढलंय का इरिगेशनचं हापिस, तेवढं मला सांगा, म्हंजी पीठ किती भिजवायचं ते कळंल.

त्या दुपारी निवेदितानं लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. भंडारदरा धरण आज. पाणीसाठा. आवक. विसर्ग. किती टक्के. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार. मुंबईच्या माणसाला भंडारदरा म्हणजे धबधबा, पण खालच्या तालुक्यांत ते गावाचं नाव नाही, पाण्याचं आहे. धरणावर वाढलेल्या मुलीनं हे विसरावं म्हणजे कमाल झाली. अर्धा जिल्हा सकाळी उठून हा शब्द टाकत होता आणि तिच्या दारावर टिचकी मारून शेताकडे जात होता.

उपाय सोपा होता. नको ते शब्द वगळायचे. असा शब्द शोधात आला की आपली जाहिरात दिसत नाही. ती लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. पहिला शब्द टाकला, पाणीसाठा. दुसरा टाकणार तेवढ्यात फोन वाजला. वर खोली बघायला एक कुटुंब आलं होतं आणि बनुबाई तिला हाका मारत होती. तिनं वैतागून फोन नानांच्या हातात दिला आणि जिना चढली.

ती खाली आली तेव्हा नाना बोलत होते. ताठ बसून, पाण्याकडे बघत, जुन्या आवाजात. रतनवाडीकडून लोट येतोय, सांगत होते. काल रात्री घाटघरला चांगला झालाय, पाण्याचा रंग बघा, अजून गढूळ आहे म्हणजे वरून येणं थांबलेलं नाही. पलीकडच्या माणसानं काही विचारलं. नाना हसले. आई गेल्यापासून निवेदितानं ते हसणं ऐकलं नव्हतं.

"भरतंय, आप्पासाहेब," ते म्हणाले. "भरतंय."

फोन ठेवून ते तिच्याकडे वळले. श्रीरामपूरकडचे, टेलचे आप्पासाहेब, त्यांनी सांगितलं. आवाज ओळखला त्यांनी. म्हणाले, साहेब, तुम्ही अजून धरणावरच आहात होय? मग त्यांनी चहा मागितला. तो तिनं फोनशेजारी ठेवला आणि आत जाऊन पदर डोळ्यांना लावला.

आता आली पंचाईत. ते शब्द वगळले नाहीत तर पैसे वाहून जाणार, खोल्या रिकाम्या राहणार आणि नाना पुण्याला. वगळले तर फोन बंद, आणि नाना पुन्हा 'हं' वर. धरण, आवक, आवर्तन, हे खडे नव्हते. तिच्या बापाचा जन्म होता तो. तो ती एकेक शब्दानं बाजूला काढायला बसली होती.

संध्याकाळी तिनं दोन वेगळ्या जाहिराती केल्या. पहिली घराची. तिच्यातून धरणाचे सगळे शब्द काढले, डीजे, पार्टी आणि तंबूही काढले. दमलेला माणूस नेमकं काय शोधत असेल याचा विचार करून शब्द घातले. भंडारदरा घरगुती मुक्काम. चुलीवरचं जेवण. आईवडिलांना घेऊन राहण्याची सोय. दुसरी जाहिरात अगदी छोटी, फक्त खालच्या तालुक्यांत आणि फक्त सकाळची. धरणाचे वगळलेले सगळे शब्द तिनं उचलून तिच्यात ठेवले. मजकूर एवढाच: धरण किती भरलं? हेमचंद्र साहेबांना विचारा. बोट ठेवलं की थेट नानांच्या जुन्या मोबाईलवर फोन. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिनं लावलेली ही पहिलीच जाहिरात, जिच्यात विकायचं काहीच नव्हतं.

फोन येऊ लागले. नाना सकाळी दाढी करून ओट्यावर बसू लागले. ही माणसं मला कुठून शोधतात गं, असं त्यांनी एकदा विचारलं. तिनं सांगितलं, तुमचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. खोटं बोलल्याची बोच तिला लागून राहिली. वरच्या खोल्या मात्र लागू लागल्या. बनुबाईची तक्रार आता पीठ पुरत नाही अशी होती.

श्रावणात राजस आला तो मोठी रिकामी बॅग घेऊन, नानांच्या कपड्यांसाठी. खोल्यांत पाहुणे पाहून त्याला बरं वाटलं. नानांना फोनवर बोलताना पाहून तो चकित झाला. निवेदितानं त्याला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं.

"ताई, म्हणजे तू पैसे देऊन नानांना फोन करवतेस," तो म्हणाला. "तू जाहिरात थांबवशील त्या दिवशी ते पुन्हा गप्प होतील. आणि त्यांना कळलं तर?"

नेमकी हीच भीती तिलाही होती. आजवर किती खर्च झाला ते तरी दाखव, तो म्हणाला, म्हणून तिनं लॅपटॉप उघडला. छोटी जाहिरात बंद पडलेली होती. तिच्यासाठी वेगळं लावलेल्या बँकेच्या कार्डाची मुदत संपली होती आणि पाहुण्यांच्या गडबडीत तिनं सूचना वाचलीच नव्हती. गेला आठवडाभर ती जाहिरात कोणाला दिसलेलीच नव्हती.

बाहेर नानांचा फोन वाजला. नाना सांडव्याकडे गेले होते, फोन ओट्यावरच राहिला होता. तो तिनं उचलला. आप्पासाहेब होते. राजसला ऐकू जावं म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"काका, हा नंबर तुम्हाला मिळाला कुठून?" तिनं विचारलं.

"अवो, आमच्या समद्या टेलला ठावं हाय की. धरणसाहेब म्हनून सेव्ह केलाय पोरांनी. सोसायटीच्या ग्रुपवर बी हाय."

"पण आकडा तर मोबाईलवर येतोच ना सकाळी?"

"येतो की. पर आकड्याला उलटून काय इचारता येत न्हाई, ताई. साहेबांनी सांगितलं म्हंजी पानी डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. लई वर्षांची सवय हाय. मधी वाटलं, साहेब गेले का काय, म्हनून आमी फोन करायचं सोडलं हुतं."

निवेदितानं राजसकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

फाटकातून नाना आत आले. धोतर पोटरीपर्यंत ओलं, हातात फोडलेल्या नारळाची वाटी. त्यांनी फोन मागितला. तो कानाला लावून ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले.

"आप्पासाहेब," ते म्हणाले, "भरलं. लागण करा."

राजसनं नारळाची वाटी त्यांच्या हातातून घेतली. मग आत गेला आणि ती मोठी बॅग उचलून माळ्यावर टाकली.