ऐनाच्या खोडातला खिळा

मार्गशीर्षातली सकाळ. करड्या आभाळाखाली करडं रान, करड्या रानातून करडी वाट. आणि पानांवरून ठिबकणारं दंव, थेंबामागून थेंब, न थांबता.

एके काळी संस्थानिकांची शिकारीची राई होती ही. आता फाटकाशी तिकीटघर, आत रंगीत घसरगुंड्या, झोपाळे, भज्यांच्या कढया. आणि पलीकडे रानात शिरणाऱ्या पायवाटा. घसरगुंडीच्या टोकावर अडून बसलेल्या मुलावर त्याची आई खालून ओरडत होती, "ए वेदू, उतरतोस का येऊ वर? भजी गार झाली!"

श्रीरंग तिथेच थबकला. उत्तराने अंगावरची शाल सावरली, त्याच्या कोपराला हात लावला. दोघं रानात शिरली.

मागच्या वेळी शाल्मली बरोबर होती. पाच वर्षांची, कपाळावर काजळाची तीट अजून हट्टाने लावून घेणारी. वळणावरच्या कोवळ्या ऐनाला तिने पाठ टेकवली, टाचा जुळवल्या. आणि मोडक्या कुंपणातला एक खिळा श्रीरंगाने दगडाने ठोकून तिच्या डोक्याच्या उंचीवर खोडात मारला.

"बाबा, आता शर्यत! मी जिंकणार का झाड?"

"झाडच. तू जेवतेस कुठे?"

पुढच्याच पावसाळ्यात ताप आला. गेला तो तिला घेऊन.

तेव्हापासून श्रीरंगाच्या मनात तो खिळा वाढत होता. तिच्या दर वाढदिवसाला दारात उभा राहून तो उंची दाखवत आडवा हात धरायचा: आधी कोपराशी, मग खांद्याशी, मग कानाशी. "झाडाबरोबर खिळाही चढला असेल ना गं? एवढी झाली असेल." उत्तरा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. झाड शेंड्याशी उंच होतं, खोडाशी नुसतं रुंद. खोडात रुतलेलं जिथल्या तिथे राहतं. हे तिला ठाऊक होतं. ती बोलली नव्हती.

वळण आलं. ऐन आला. मगरपाठी, दंवओला, धुक्यात शेंडा हरवलेला ऐन.

श्रीरंगाने वर पाहिलं. उत्तराने खाली.

कमरेच्या किंचित वर, सालीच्या ओठांत मिटत आलेलं, तरी बाहेर डोकावणारं खिळ्याचं डोकं. त्याखाली काळा ओघळ. ओल्या सालीतल्या तुरट रसाला लोखंड भेटलं की शाई होते. ओघळ ताजा होता.

ती वळली, आणि झाडाला पाठ टेकवून उभी राहिली. टाचा जुळवून.

"दिसतोय का गं?" तो वरच शोधत होता. साल, धुकं, पुन्हा साल. "गिळला तर नसेल झाडाने?"

"नीट बघ ना. अजून वर."

आणि हात पोचणार नाही इतक्या उंचावर त्याला दिसली एक काळी गाठ.

"तो बघ! तो काय! अगं, मला मागे टाकलं की पोरीने!"

"टाकलंच," उत्तरा म्हणाली.

हात उंचावून तो हसत राहिला, ओल्या चेहऱ्याने, धुक्याकडे बघत. ती हलली नाही. खिळा पाठीत रुतत होता, रुतत होता. आणि ती हलली नाही.

परतताना फाटकाशी वेदूची आई हळूच म्हणाली, "ताई, शालीला मागे डाग पडलाय तुमच्या."

"असू दे."

फिकट शालीवर, पाठीच्या खळगीत, एक ओला काळा ठिपका. न्हाऊन आलेलं, तीट अजून न वाळलेलं लेकरू मागून धावत यावं, आईला बिलगावं, क्षणभर कपाळ टेकवावं आणि निघून जावं, एवढाच. तेवढ्याच उंचीवर.