टाकीच्या झाकणातलं भूत

शनिवारी सकाळी हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत एवढी गर्दी होती, की दूधवाल्याला वाट मिळेना. मधोमध समोरच्या कुशलची जुनी मोटारसायकल उभी होती. सीटवर लिंबू, हँडलला झेंडूची माळ आणि पेट्रोलच्या टाकीवर वसंत महाराजांचा हात.

"ऐका!" महाराजांनी टाकीचं झाकण फिरवून उघडलं.

फुस्स!

लोकांनी हात जोडले. कुशलने किक मारली आणि इतका वेळ मेल्यासारखी उभी असलेली गाडी धडधडून सुरू झाली.

"निंघालं!" महाराज म्हणाले. "पण हे परत येते. काहून? त्याले आणणारं घरातच आहे."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात कुशलची नवी बायको मयुरी उभी होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी रोज मानेवाड्याच्या अलीकडे बंद पडायची. महाराजांचं निदान असं, की सुनेबरोबर उमरेडहून एक अतृप्त आत्मा आला आहे आणि त्याला पेट्रोल आवडतं. उपाय एकच, सुनेला कायमचं माहेरी पाठवणं. सासूबाईंनी, म्हणजे रुख्माबाईंनी, व्याह्यांना फोनही केला होता. दुपारी ते मुलीला न्यायला येणार होते. कुशल चपलेकडे बघत उभा होता. मला त्याचा फार राग आला.

मयुरी रडत होती, पण झाकणाचा तो 'फुस्स' आवाज तिच्या कानात अडकला होता. ती आत गेली आणि तेलाचा डबा व एक पातेलं घेऊन आली.

"आई, काल हा डबा तुम्हीच फोडला ना? दोन भोकं काहून पाडली?"

"एका भोकानं धार नाही पडत वं. दुसऱ्यातून हवा जाते."

मयुरीने डबा पातेल्यात कलता केला. धार लागली. मग तिने दुसऱ्या भोकावर अंगठा दाबला. धार बारीक झाली, डबा गुडगुडला आणि तेल थांबलं. अंगठा काढला, धार पुन्हा सुरू.

"महाराज, या डब्यात कोणाचा आत्मा आहे?"

गर्दीत कोणीतरी हसलं. मयुरीने टाकीचं झाकण हातात घेतलं. त्यावर शेंदूर आणि तेलाचा जाड थर होता. लग्नाच्या दिवशी खुद्द महाराजांनी लावलेला, आणि गाडी बंद पडेल तसा त्यांनीच वाढवलेला. तिने पिनेने खरवडलं. थराखाली सुईएवढं भोक निघालं.

विज्ञान एवढंच. पेट्रोल इंजिनात उतरतं तशी बाहेरची हवा या भोकातून टाकीत यावी लागते. भोक बुजलं की पेट्रोल उतरायचं थांबतं आणि गाडी उपाशी मरते. झाकण उघडलं की हवा फुस्सकन आत घुसते. महाराज ज्याला बाहेर काढत होते, ते आत जात होतं.

कुशल मयुरीला मागे बसवून मानेवाड्याला जाऊन आला. गाडी एकदाही थांबली नाही.

"भूत आज माह्या लिंबाले भ्यालं," महाराज म्हणाले.

"मग आता शेंदूर परत लावा, अन् ह्यायले एकट्यालेच पाठवा," मयुरी म्हणाली. "मी इथून हलत नाही."

महाराजांना अचानक जपाची वेळ आठवली, पण गर्दीने त्यांना वाट दिली नाही. तेव्हा रुख्माबाईच पुढे झाल्या. त्यांनी बोटाने भोकात शेंदूर दाबून भरला. कुशल एकटाच निघाला. बऱ्याच वेळाने परतला तो गाडी ढकलत, घामाने निथळत.

रुख्माबाईंनी बाजूला उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि मग महाराजांकडे.

"महाराज, माही सून तर इथं होती. गाडीवर कोन बसलं होतं?"

महाराजांना कामठीला एका अडलेल्या ट्रकचं बोलावणं आलं होतं. ते पायीच गेले.

रुख्माबाईंनी लगेच उमरेडला फोन लावला. "या, पण जेवाले या. पोरगी कुठंच नाही जात." मग फोन ठेवून त्या सुनेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं वं माय माहं." मयुरी आता मोकळेपणी रडली.

संध्याकाळी कुशलने नवं झाकण आणलं, कारण जुन्याचं रबरही चिरायला आलं होतं. झाकण सैल ठेवून भागवायचं नसतं. त्यातून पेट्रोल उडतं, पाणी शिरतं आणि आगीची भीती असते.

तेव्हा मंडळी, गाडी अडली तर आधी झाकणाचं भोक पाहा, रबर पाहा, खराब असेल तर झाकण बदला. पूजा जरूर करा, भोक सोडून करा. आणि गाडीतला बिघाड कोणी घरातल्या बाईत शोधू लागला, तर त्याच्यासमोर हात जोडू नका. त्याला पुरावा मागा.